दुधाचा फॅट पॉइंटात मोजता, मग सांडपाण्याचा आकडा कुठे आहे?

पारनेर : सकाळी सहा-साडेसहाला दूध संकलन केंद्रावर रांग लागते. किटली पुढे सरकते, नमुना मशीनमध्ये जातो, आकडा येतो. फॅट ३.५ च्या खाली गेला की भाव कापला. एसएनएफ ८.५ भरला नाही की भाव कापला. एका पॉइंटवरून शेतकरी आणि केंद्रचालक यांची बाचाबाची ही तर रोजचीच.

पण तेच दूध पुढे गेल्यावर काय होतं? केंद्रावर कॅन आणि बल्क कूलर धुतला जातो. टँकर धुतला जातो. डेअरीत टाक्या, पाइप, पाश्चरायझर, पॅकिंग मशीन सगळं दिवसातून एकदा तरी धुवावंच लागतं. त्यातून निघणारं पांढुरकं पाणी कुठे जातं, त्यात घाण किती असते, हा आकडा गावात विचारून बघा. सरपंचांना माहीत नसतो, केंद्रचालकाला माहीत नसतो, आणि ज्याच्या विहिरीजवळून तो ओढा जातो त्याला तर कुणी सांगतच नाही.

आता या सांडपाण्यावर "विजेवरची पद्धत" हा उपाय कानावर येऊ लागलाय. पाण्यात पत्रे सोडायचे, त्यातून करंट द्यायचा आणि पाणी स्वच्छ, असं सांगितलं जातं. हे खरं किती, खर्च किती, आणि आपल्या तालुक्याला त्याचा उपयोग काय, हे नीट समजून घेतलं पाहिजे. कारण उद्या कुणी "आम्ही लाखोंचं यंत्र बसवलंय" म्हणून फोटो दाखवला, तर आपण पुढचा प्रश्न काय विचारायचा?

एक लिटर दूध, एक टँकर पाणी

दूध म्हणजे अमृत, मग ते ओढ्यात गेलं तर बिघडलं काय, असं बऱ्याच जणांना वाटतं. बिघडतं ते असं. पाण्यात दूध गेलं की जिवाणू ते खायला लागतात. खाताना ते पाण्यातला प्राणवायू वापरतात. प्राणवायू संपला की मासे मरतात आणि मग प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू माजतात. तो सडक्या अंड्यासारखा वास आणि तळाचा काळा गाळ त्यांचाच.

पाण्यातली घाण किती प्राणवायू खाणार, हे ज्या आकड्याने मोजतात त्याला बीओडी म्हणतात. हा एक शब्द लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यातून समजतं. दुधाचा बीओडी लिटरला साधारण १ लाख मिलिग्रॅम असतो. चांगल्या स्वच्छ पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो लिटरला जेमतेम ८ मिलिग्रॅम. करा हिशोब. एक लिटर दूध सुमारे १२,५०० लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकू शकतं. उन्हाळ्यात आपल्याकडे जो पाण्याचा टँकर येतो ना, तेवढं पाणी.

याच हिशोबाने आणखी एक सोपी खूण सांगतो. सांडपाण्याचा बीओडी १,००० असेल तर समजायचं, दर १०० लिटर पाण्यात एक लिटर दूध वाहून चाललंय. बीओडी १०० असेल तर १,००० लिटरमध्ये एक लिटर.

समजा एक डेअरी रोज ५० हजार लिटर दूध हाताळते आणि लिटरमागे दोन लिटर सांडपाणी सोडते. म्हणजे रोज १ लाख लिटर. त्याचा बीओडी १,००० धरला, तर रोजची घाण १०० किलो होते. एका माणसामागे दिवसाला साधारण ४५ ग्रॅम धरतात. म्हणजे दोन हजारांवर वस्तीच्या गावाचं सगळं सांडपाणी जेवढी घाण करील, तेवढी एकटी डेअरी करते. पनीर किंवा चीज होत असेल तर प्रकरण आणखी अवघड. पनीर काढल्यावर उरणाऱ्या पाण्याचा बीओडी ३० ते ५० हजारांपर्यंत जातो.

पारनेरला हा प्रश्न जास्त का लागतो

मोठ्या बारमाही नदीच्या काठावर डेअरी असली तर घाण पातळ होऊन वाहून तरी जाते. ते बरोबर नाही, पण तसं होतं. आपल्याकडे तेही होत नाही. पारनेर अवर्षणप्रवण तालुका. ओढे पावसाळा सोडला तर कोरडे. अशा कोरड्या ओढ्यात डेअरीचं पाणी सोडलं तर त्या ओढ्यात वाहतं ते फक्त सांडपाणी. त्यात मिसळायला दुसरं पाणीच नसतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. "पाणी अडवा, पाणी जिरवा" हे देशाला राळेगणसिद्धीने करून दाखवलं. आज तालुक्यात गावोगाव नालाबांध आहेत, सिमेंट बंधारे आहेत, पाझर तलाव आहेत. ओढ्याचा थेंब थेंब थांबवून जमिनीत मुरवायचा, हे आपण दोन पिढ्या कष्टाने शिकलो. पण बंधारा पाणी ओळखत नाही. पावसाचं पाणी असेल तर ते मुरवतो, डेअरीचं असेल तर तेही मुरवतो. आपला खडक काळ्या पाषाणाचा. पाणी मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून विहिरीत उतरतं. वाळूच्या जाड थरासारखी गाळणी मध्ये नाही. म्हणजे ज्या बंधाऱ्याने विहीर जगवली, तोच बंधारा घाण विहिरीपर्यंत पोहोचवू शकतो.

आणि हे तालुक्यापुरतंही राहत नाही. आपलं उत्तरेचं पाणी मांडओहोळवरून मुळा नदीला जातं. पुढे मुळा धरण, आणि तिथून अहिल्यानगर शहर पाणी पितं. दक्षिणेचं पाणी कुकडी, घोडच्या बाजूला उतरतं. हंगा नदी खाली श्रीगोंद्यात विसापूर तलावाला मिळते. आपण डोक्यावर बसलोय. आपण सोडू ते खालचा पिणार.

कायद्यात काय लिहिलंय

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मध्ये डेअरीसाठी वेगळे आकडे दिलेले आहेत. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत हवा. तरंगणारे कण १५० च्या आत, तेल-तूप १० च्या आत, आणि पीएच ६.५ ते ८.५ च्या मध्ये. शिवाय एक लिटर दुधामागे तीन लिटरपेक्षा जास्त सांडपाणी निघता कामा नये.

त्याच नियमात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, ज्या जलाशयात हे पाणी जातं त्यातून लोक पिण्याचं पाणी घेत असतील, तर १०० ची मर्यादा ३० पर्यंत खाली आणता येते. वर मुळा धरणाचं सांगितलं ते यासाठीच. दोन, चिलिंग सेंटरचं पाणी जमिनीवर द्यायचं असेल तर बीओडी ३५० पर्यंत चालतो. पण कधी? केंद्राच्या ताब्यात पुरेशी जमीन असेल, ती जमीन त्या कामासाठी आखलेली असेल आणि तपासणीची सोय असेल तरच. पाइप काढून शेजारच्या पडीक रानात सोडून दिला, याला "जमिनीवर देणं" म्हणत नाहीत.

पाणी प्रदूषण रोखण्याचा मूळ कायदा १९७४ चा. त्याच्या कलम २५ नुसार सांडपाणी सोडायला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. त्या संमतीपत्रात किती पाणी, कुठे आणि कोणत्या दर्जाचं सोडायचं, हे आकड्यात लिहिलेलं असतं. कलम ३३-अ नुसार मंडळ कारखाना बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा आदेशही देऊ शकतं. म्हणजे कायदा कमी नाही. कमी आहे ती त्या कागदातला आकडा वाचणारी माणसं.

विजेवरची पद्धत : काम तुरटीचंच

आता मूळ मुद्द्यावर येऊ. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, हे आपल्या आजीलाही माहीत होतं. तुरटीतलं अॅल्युमिनियम पाण्यातल्या बारीक कणांना एकत्र बांधतं. कण जड झाले की बसतात.

विजेवरची पद्धत हेच करते, फक्त तुरटी बाहेरून टाकत नाही. टाकीत लोखंडाचे किंवा अॅल्युमिनियमचे पत्रे थोड्या थोड्या अंतरावर उभे लावतात. त्यांना बॅटरीसारखा एकाच दिशेने वाहणारा, म्हणजे डीसी करंट देतात. एका बाजूचा पत्रा हळूहळू झिजतो आणि त्यातलं लोखंड पाण्यात उतरतं. ते दुधातल्या प्रथिनांना आणि स्निग्धांशाला धरून गोळे बनवतं. दुसऱ्या पत्र्यावर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे निघतात. ते यातले बरेच गोळे वर उचलतात, साय आल्यासारखे. वरचा फेस काढायचा, खालचा गाळ काढायचा, मधलं पाणी पुढे सोडायचं.

ही कल्पना नवी नाही. १८८९ च्या सुमारास लंडनमध्ये शहराच्या सांडपाण्यावर हा प्रयोग झाला होता. तेव्हा वीज महाग म्हणून मागे पडला. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत डेअरीच्या पाण्यावर पुन्हा अभ्यास सुरू झाले.

त्यांचे निकाल बघा. तुर्कस्तानातल्या संशोधकांनी २००६ मध्ये लोखंडी पत्रे वापरून डेअरीच्या पाण्यातली ९८ टक्के घाण आणि ९९ टक्के तेल-तूप काढल्याचं प्रसिद्ध केलं. २०१० मध्ये कॅमेरून आणि फ्रान्सच्या संशोधकांनी दूध पावडरपासून केलेल्या पाण्यावर अॅल्युमिनियमचे पत्रे वापरले. त्यांचं पाणी दिसायला पूर्ण निवळलं, पण एकूण घाण कमी झाली ती ६१ टक्केच. त्याच वर्षी आपल्याकडे आयआयटी रुरकीच्या अभ्यासात लोखंडी पत्र्यांनी सुमारे ७० टक्के घाण निघाली. या तिन्ही ठिकाणी मोजमाप सीओडीचं आहे. सीओडी म्हणजे जवळपास तीच घाण, पण जिवाणूंऐवजी रसायनाने मोजलेली. निकाल काही तासांत मिळतो, म्हणून प्रयोगशाळा तो वापरतात.

एका ठिकाणी ९८, एका ठिकाणी ६१. खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. पाणी वेगवेगळं होतं.

निवळलेलं पाणी म्हणजे स्वच्छ पाणी नव्हे

घरी पनीर करताना दुधात लिंबू पिळतो. दूध फाटतं, गोळा वेगळा होतो आणि हिरवट पिवळं पाणी उरतं. ते चाखून बघा, लिंबाच्या आंबटपणामागे गोडसर लागतं. कारण दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, त्या पाण्यात विरघळलेली राहते. ती गोळ्याबरोबर येत नाही.

विजेच्या टाकीत जवळपास तेच घडतं. स्निग्धांश आणि प्रथिनं गोळा होऊन निघतात. साखर मागे राहते. ज्या सांडपाण्यात तूप-लोणी जास्त, तिथे यंत्राचा निकाल झकास दिसतो. जिथे साखर जास्त, तिथे ६०-७० टक्क्यांवर गाडी अडते. आयआयटीच्या प्रयोगात सुरुवातीचा सीओडी ३,९०० होता. त्यातले ७० टक्के गेले तरी सुमारे १,१७० उरतो. म्हणजे १०० च्या बीओडीपर्यंत पोहोचायला अजून बरंच अंतर आहे.

इथेच फसगत होण्याची शक्यता आहे. यंत्रातून बाहेर येणारं पाणी काचेसारखं दिसतं. बाटलीत भरून दाखवलं की बघणारा खूश. पण ग्लासभर पाण्यात दोन चमचे साखर विरघळवली तरी ते काचेसारखंच दिसतं. साखर डोळ्याला दिसत नाही, जिवाणूंना मात्र बरोबर सापडते. असं पाणी ओढ्यात गेलं की चार दिवसांत पुन्हा वास सुटतो.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याने खास लक्षात ठेवायची. डेअरीत पाइप धुवायला कास्टिक सोडा आणि नायट्रिक अॅसिड वापरतात. कास्टिकमधलं सोडियम आणि अॅसिडमधलं नायट्रेट पाण्यात विरघळलेलं असतं. पत्र्यांची ही पद्धत सोडियम काढत नाही आणि नायट्रेटसाठीही तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. उलट करंट नीट वाहावा म्हणून काही ठिकाणी पाण्यात मीठ टाकतात. असं पाणी "स्वच्छ केलेलं" म्हणून वर्षानुवर्षं रानात दिलं तर जमीन खारवट, चोपण होत जाते. नायट्रेटची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. ते वाढलं तर लहान बाळांना त्रास होतो.

मग साखरेचं करायचं काय? ती काम जिवाणूंनाच देणं स्वस्त. लॅक्टोज हे त्यांचं आवडतं खाद्य. म्हणून शहाणी मांडणी अशी: आधी टाकीत पाणी साठवून सारखं करायचं, वरचं तूप काढायचं, मग विजेच्या टाकीतून फेस-गाळ काढायचा, आणि शेवटी हवा देऊन किंवा गोबरगॅससारख्या बंद टाकीत जिवाणूंकडून साखर संपवायची. बंद टाकीतल्या जिवाणूंना तुपाचा थर त्रास देतो. तो विजेने आधीच काढला तर पुढची टाकी नीट चालते. दोन्ही पद्धती एकमेकींना पूरक आहेत. कुणी म्हणत असेल की विजेचं यंत्र बसवलं, आता बाकी काही लागत नाही, तर तिथे थांबून विचारायचं : साखर कुठे गेली?

साखरही विजेनेच जाळायची पद्धत आहे. न झिजणारे महागडे पत्रे लावून विरघळलेली घाण थेट जाळतात. पण तिला वीज कितीतरी जास्त लागते. रोज लाखभर लिटर पाण्याला ती परवडवणं सोपं नाही.

परवडत नाही म्हणता, हिशोब तर करा

"एवढं सगळं करायचं तर दुधाला भाव कुठून देऊ?" हे उत्तर ठरलेलं असतं. आणि शेतकऱ्याला ते ऐकून धास्ती वाटते, कारण भावाचं दुखणं ताजं आहे. २०२४ च्या जुलैमध्ये अकोल्यात कोतूळला आंदोलन झालं, नगरला आंदोलन झालं, आणि त्याच महिन्यापासून ३.५ फॅट-८.५ एसएनएफच्या गायीच्या दुधाला डेअरीचे ३० आणि सरकारचे ५ असे ३५ रुपये ठरले. त्यातून आणखी कापलं तर जगायचं कसं?

म्हणून ढोबळ हिशोब मांडू. एक अँपिअर करंट तासभर वाहिला की साधारण १ ग्रॅम लोखंड विरघळतं, हा निसर्गाचा नियम आहे. १,००० लिटर सांडपाण्याला २०० ग्रॅम लोखंड लागतं असं समजू आणि पत्र्यांवर १० व्होल्ट धरू. सुमारे २ युनिट वीज लागेल. पंप आणि बाकी गळती धरून ३ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ३० रुपये. लोखंडाचे पंधरा. म्हणजे १,००० लिटरला ४५ रुपये. एका लिटर दुधामागे दोन लिटर सांडपाणी, तर दुधाच्या लिटरला ९ पैसे.

पाणी जास्त घाण असेल आणि लोखंड तिप्पट लागलं, तर २७ पैसे. पुढची जिवाणूंची टाकी, गाळ, माणसाचा पगार, यंत्राची झीज सगळं घालून ५० पैसे धरा. ३५ रुपयांच्या दुधावर हे दीड टक्का सुद्धा होत नाही.

आता दुसरी बाजू. वरच्या उदाहरणात बीओडी १,००० धरला होता. म्हणजे १ लाख लिटर पाण्यातून रोज १,००० लिटर दुधाइतका माल गटारात चाललाय. ३५ रुपयांनी त्याची किंमत ३५ हजार रुपये रोज. हाताळलेल्या दुधाच्या लिटरमागे ७० पैसे! टँकर आणि टाकी धुण्याआधी पूर्ण निथळू देणं, पहिल्या धुण्याचं दुधाळ पाणी वेगळं पकडून जनावरांना देणं, गळके व्हॉल्व्ह बदलणं, पनीरचं पाणी गटारात न सोडता पशुखाद्याला किंवा गोबरगॅसला देणं, एवढं केलं आणि यातला अर्धा माल जरी वाचला, तरी ३५ पैसे वाचतात. वरच्या ५० पैशांतला मोठा भाग तिथेच निघतो. शिवाय घाण निम्मी झाली की यंत्रही लहान लागतं.

थोडक्यात, सांडपाणी साफ करायचा खर्च हे दुधाचा भाव पाडायचं कारण होऊ शकत नाही. हा हिशोब प्रत्येक दूध उत्पादकाने पाठ करून ठेवावा.

वीज आणि गाळ, दोन अडचणी

यंत्र कागदावर चांगलं असलं तरी गावात चालेल का, हा प्रश्न राहतोच. सुप्यासारख्या एमआयडीसीत वीज बऱ्यापैकी टिकते. गावच्या फीडरवर तसं नाही. लाइट गेली की बल्क कूलरसाठी जनरेटर सुरू होतो, कारण दूध नासलं तर नुकसान मालकाचं. सांडपाण्याच्या टाकीसाठी जनरेटर कोण लावणार? तिथलं नुकसान दुसऱ्याचं असतं. म्हणून निदान दिवसभराचं पाणी मावेल एवढी साठवण टाकी असल्याशिवाय यंत्राला अर्थ नाही. लाइट आली की साठलेलं पाणी साफ करता येतं.

इथे सौरऊर्जेचा फायदा आहे. सोलर पॅनेल डीसी वीजच देतं आणि पत्र्यांना डीसीच लागते. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची सुरुवात ज्या दोन गावांपासून झाली त्यात राळेगणसिद्धी होतं, दुसरं यवतमाळचं कोळंबी. ऊन आपल्याकडे भरपूर. दिवसा उन्हावर पाणी साफ करून घेणं पारनेरला अवघड नाही.

दुसरी अडचण पत्र्यांची. काही दिवसांत त्यावर थर बसतो आणि करंट नुसताच वाया जातो. त्यासाठी अधूनमधून करंटची दिशा उलटी करावी लागते, पत्रे घासावे लागतात, झिजले की बदलावे लागतात. हे रोज बघणारा माणूस नेमला नसेल तर यंत्र सहा महिन्यांत भंगार होतं. आणि हायड्रोजन पेट घेणारा वायू आहे, म्हणून टाकीची खोली हवेशीर लागते.

तिसरी, आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे गाळ. पाण्यातून काढलेली घाण हवेत उडून जात नाही. ती तूप, प्रथिनं आणि लोखंडाचा लगदा होऊन बसते. तो वाळवायला वाफे हवेत, तपासणी करून मगच खतात घालायचा की नाही ते ठरवायचं. रात्री ट्रॉलीत भरून तोच गाळ ओढ्याला टाकला, तर सगळा खर्च पाण्यात.

छोट्या केंद्रांचं काय

तालुक्यात बहुतेक ठिकाणी मोठी डेअरी नाही. संकलन केंद्रं, बल्क कूलर, चिलिंग सेंटर आहेत, आणि इथलं दूध टँकरने बाहेर जातं. रोज हजार-दोन हजार लिटर दूध गोळा करणाऱ्या पोराने विजेचं यंत्र बसवावं, असं कुणी म्हणणार नाही आणि म्हणूही नये. तो पोरगा आपल्याच गावचा, कर्ज काढून उभा राहिलेला.

त्याला जमेल असं बरंच आहे. कॅन निथळून घेणं, पहिलं धुणं जनावरांना, तूप अडवणारी छोटी टाकी, कास्टिक मोजून वापरणं, आणि उरलेलं पाणी विहिरीपासून व ओढ्यापासून लांब, आखून दिलेल्या चाऱ्याच्या तुकड्यावर फिरवून फिरवून देणं. त्याच्यावर दूध घेणाऱ्या डेअरीची जबाबदारी मात्र संपत नाही. फॅटचं मशीन कोणतं वापरायचं हे ती केंद्राला सांगू शकते, तर सांडपाण्याची टाकी कशी हवी हेही सांगू शकते आणि त्याला हातभार लावू शकते.

ग्रामसभेत विचारायचे सहा प्रश्न

गावाजवळ डेअरी किंवा चिलिंग सेंटर असेल किंवा नवं येणार असेल, तर भांडण न करता एवढंच विचारा.

१. संमतीपत्र दाखवा. रोज किती लिटर सांडपाणी सोडायला आणि कुठे सोडायला परवानगी आहे?

२. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी किती? शेवटची तपासणी कधी, कोणत्या प्रयोगशाळेत झाली?

३. विजेचं यंत्र असेल तर त्याच्या पुढे साखरेसाठी काय सोय आहे?

४. लाइट गेल्यावर पाणी कुठे साठतं?

५. गाळ महिन्याला किती निघतो आणि कुठे जातो?

६. पाणी रानात देत असाल तर सोडियम, क्षार आणि नायट्रेट तपासलंय का?

उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकार आहे. त्या हक्कासाठी याच तालुक्यातून अण्णा हजारे उभे राहिले. राज्याचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाचा. खासगी डेअरीला थेट अर्ज करता येत नसला तरी प्रदूषण नियंत्रण मंडळाला करता येतो. संमतीपत्र आणि पाण्याच्या तपासणीचे अहवाल त्यांच्याकडे असतात. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. मंडळाचं कार्यालय अहिल्यानगरला आहे.

तक्रार करायची तर नुसतं "वास येतो" असं लिहू नका. तारीख, वेळ, ठिकाण, फोटो आणि जवळच्या विहिरीचं अंतर लिहा. स्वतः बाटली भरून नेलेल्या पाण्यावर कोर्टात केस उभी राहत नाही. १९७४ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना अधिकाऱ्याने रीतसर घ्यावा लागतो. म्हणून तक्रारीत "नमुना घ्या" अशी स्पष्ट मागणी करा. विहिरीच्या पाण्यासाठी ग्रामपंचायतीकडे जलजीवन मिशनचा तपासणी संच असेल तर त्यात नायट्रेट आणि पीएच बघता येतं. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा तपासून आकडा फळ्यावर लिहा. दोन वर्षांत चित्र स्पष्ट होईल.

दूध हा पारनेरचा आधार आहे. पाऊस दगा देतो, कांदा भाव देत नाही, तेव्हा दहा दिवसांची दुधाची पट्टीच घर चालवते. म्हणून डेअऱ्या बंद पाडा असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण गाईलाही पाणी त्याच विहिरीचं लागतं.

विजेची पद्धत चांगली आहे, तिच्या जागी. ती स्निग्धांश काढते, प्रथिनं काढते, साखर काढत नाही. यंत्र कोणतं बसवायचं ते डेअरीने ठरवावं. आपण फक्त पाइपच्या तोंडाशी आकडा मागायचा. रोज सकाळी आपल्या किटलीचा आकडा स्क्रीनवर येतो आणि आपण तो मान्य करून पैसे घेतो. तसाच एक आकडा डेअरीच्या गेटवर, मोठ्या अक्षरात, दर महिन्याला लागला पाहिजे. येत्या ग्रामसभेत एवढा एक ठराव झाला तरी सुरुवात झाली म्हणायचं.